गरोदरपणात डिप्रेशनच्या गोळ्या: तुमचे अनुभव सांगा

मैत्रिणींनो, मी सध्या पाचव्या महिन्यात आहे, सर्ट्रालिन चालू आहे. सायकियाट्रिस्ट आणि गायनॅक दोघींनीही चालू ठेव म्हणून सांगितलंय, मला पटतंयही, पण रोज रात्री गोळी हातात घेतली की बाळाला काही होणार तर नाही ना हेच डोक्यात येतं. नवरा सोडून घरात कोणाला सांगितलेलं नाही. ज्या यातून गेल्यात त्यांनी प्लीज लिहा, चांगलं वाईट सगळंच.

नंदनवनवाली:
माझी मुलगी आता पहिलीत आहे, मस्त आहे. मला आधी पॅरोक्सेटिन होती, ती पहिल्या तीन महिन्यांत घेतली तर बाळाच्या हृदयातल्या दोषाची शक्यता थोडी वाढते म्हणतात म्हणून चान्स घ्यायच्या आधीच डॉक्टरांनी बदलून सर्ट्रालिन दिली. तरी अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट आहेत ना ते बघायची सोनोग्राफी) होईपर्यंत जीव टांगणीलाच. धंतोलीतल्या डॉक्टर मॅडमनी तेव्हा सांगितलं की कुठलंच औषध न घेणाऱ्या बायकांमध्येही शंभरात दोन-तीन बाळांना जन्मजात काहीतरी दोष असतोच. हे कोणी आधी का सांगत नाही?

वर्धा रोड:
हा माझ्या लहान बहिणीचा अनुभव. सासरी कळलं, बाळ मंद होईल म्हणाले आणि गोळ्या एका दिवसात बंद करायला लावल्या. आठवडाभर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, झोप नाही, आणि मग हळूहळू जुना आजार परत आला, जेवण सुटलं, वजन वाढेना, एक दिवस फोनवर म्हणाली ताई मी नसले तर बरं होईल. आम्ही तशीच तिला मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेली. गोळी परत सुरू झाली, बाळ-बाळंतीण ठीक आहेत. मी नंतर वाचलं, 2006 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, आधी डिप्रेशन होऊन गेलेल्या गरोदर बायकांचा. ज्यांनी गोळ्या बंद केल्या त्यांच्यात 68 टक्के जणींचा आजार उलटला, ज्यांनी चालू ठेवल्या त्यांच्यात 26 टक्के. गोळीची भीती सगळे घालतात हो, आजाराची कोणीच घालत नाही, आणि तो आजारही बाळापर्यंत पोचतोच ना.

मानेवाडा:
ताई, वाईट पण सांगा म्हटलं म्हणून सांगून राहिली, घाबरू नको. माझं पोरगं झालं तेव्हा पहिले काही दिवस हातपाय थरथरून राहिले होते, रडणं थांबत नव्हतं, दूध नीट ओढत नव्हता. वॉर्डातल्या एका बाईनं सगळ्यांसमोर म्हटलं, आईनं गोळ्या खाल्ल्या म्हणून झालं. मायबाई, मी किती रडली त्या दिवशी! पण बाळाच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की शेवटच्या महिन्यांत गोळ्या चालू असल्या तर शंभरात तीसेक बाळांना असं होते आणि बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत आपोआप जाते. आमचंही गेलं. श्वासाचा एक गंभीर त्रास असते तो मात्र फार कमी, हजारात दोन बाळांना एरवीही होते, गोळ्यांवर हजारात तीन. तू फक्त डिलिव्हरीच्या आधीच बाळाच्या डॉक्टरांना सांगून ठेव की ही गोळी चालू आहे, म्हणजे ते पहिल्यापासून लक्ष ठेवतात.

त्रिमूर्तीनगर:
माझं थोडं वेगळं. मला सौम्य होतं, म्हणून डॉक्टरांनीच डोस हळूहळू कमी करत गोळी थांबवली आणि काउन्सेलिंग सुरू केलं. नऊ महिने निभले, पण बाळंतपणानंतर परत अंधार आला आणि सर्ट्रालिन घ्यावी लागली. अंगावर पाजतच घेतली, दुधात फार कमी उतरते. बंद करून मी जास्त चांगली आई झाली असं अजिबात नाही, माझा आजार तेवढा हलका होता एवढंच. आणि रात्री-बेरात्री फार वाईट विचार आले तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ती:
खूप खूप आभार गं सगळ्यांचे. मानेवाडावाल्या ताई, तुमचं वाचून रडू आलं, पण आता निदान काय होऊ शकतं ते माहीत आहे. बाळाच्या डॉक्टरांना आधीच भेटून घेते. घरी सासूबाईंना सांगायचं का ते अजून ठरत नाही, तुमच्यापैकी कोणी सांगितलं असेल तर कसं सांगितलं ते लिहा. आणि अजून एक, मॅडम म्हणाल्या पुढच्या महिन्यांत शरीरात रक्त वाढतं म्हणून तोच डोस कमी पडू शकतो. कोणाचा वाढवावा लागला होता का?