इटलीत मुक्काम ठोकून राहिलेल्यांनो, देवळं-म्यूझियमं सोडून बोला (अनुभव धागा)

सावनी_क

काल भाचीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला कंपनी वर्षभरासाठी इटलीला पाठवतेय, ही पण जाणार. पहिला प्रश्न काय, तर "मावशी, तिकडे घरात कपडे सुकवायचं मशीन असतं ना गं?" मी हसत सुटले. हाच प्रश्न, एवढ्याच काळजीने, लुक्कात आमच्या खाली राहणाऱ्या अमेरिकन काकूंनी मला विचारला होता. मग रात्रभर लुक्काच डोक्यात.

तोस्कानातलं तटबंदीचं गाव. तटावर झाडं लावलेला चार किलोमीटरचा रस्ता, संध्याकाळी अख्खं गाव त्यावर फिरायला. नवऱ्याची नोकरी जवळच होती आणि आम्ही जुन्या गावात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावर ओहायोहून आलेलं निवृत्त जोडपं. ते शाळेत गणित शिकवायचे, त्या पोस्टात होत्या. 'रेसिदेन्त्सा एलेत्तीवा' म्हणून व्हिसा असतो, पेन्शनीवर राहा पण इथे काम करायचं नाही, त्यावर आले होते. आम्ही आपसात त्यांना ओहायोकाका आणि ओहायोकाकू म्हणायचो.

गंमत अशी की दोन्ही घरं परकी, पण अडायची वेगवेगळ्या जागी. ड्रायर नाही म्हटल्यावर काकू खचल्याच. मला दोरी, चिमटे, ढग दिसले की धावत कपडे आत घेणं, सगळं पाठ. दुपारी एक ते चार दुकानं बंद, काका पाटी वाचून पुन्हा पुन्हा घड्याळ बघायचे. मी पुण्याची, मला त्यात नवल काय तेच कळेना. उलट भाजीबाजारात मी गार. सुपरमार्केटात प्लास्टिकचा हातमोजा घालून फळं उचलायची, काट्यावर आपणच नंबर दाबून चिकटपट्टी लावायची, हे काकूंनी दोन दिवसांत उचललं. मी सवयीने टोमॅटो दाबून बघायला गेले की मागून कुणीतरी "सिन्योरा!" (अहो बाई!) करून ओरडायचंच.

आमच्या डोक्यावर एक खरीखुरी सिन्योरा राहायची, ऐंशीच्या घरातली. बिल्डिंगचा कायदा म्हणजे ती. काकांना हाताने काहीबाही करायची हौस, एकदा भर दुपारी दोनला भिंतीत ड्रिल लावलं. ही बाई फरशी पुसायचा दांडा घेऊन दोन जिने उतरून खाली. जेवणानंतरची वेळ आवाज बंद, रात्री दहानंतर वॉशिंग मशीन बंद. काका बिचारे "बोंजोर्नो, बोंजोर्नो" करत मागे सरकले. दुसऱ्या दिवशी त्याच बाईने त्यांच्या दारात सूपाचं भांडं ठेवलं, कारण ओल्या डोक्याने त्यांना बाल्कनीत उभं पाहिलं होतं आणि आता हा माणूस आजारी पडणार याची तिला खात्री होती.

आणि थँक्सगिव्हिंग! काकूंनी खाटकाकडे अख्खी टर्की सांगून ठेवली. ती आली, पण ओव्हनमध्ये मावेना. परत खाटकाकडे, दोन तुकडे. इटलीत बहुतेक घरांची वीजजोडणी तीन किलोवॉटची. काकूंचा ओव्हन चालू, इतक्यात काकांनी टेबलक्लॉथ धुवायला मशीन लावलं. खटकन अंधार. मीटर तळमजल्यावर. काका टॉर्च घेऊन खाली, पुन्हा चालू, पुन्हा अंधार. पंपकिन पाय (गोड भोपळ्याचा केक-पॅटिससारखा प्रकार) करायला त्यांना डब्यातला भोपळ्याचा गर हवा होता, तो कुठल्याच दुकानात नव्हता. मग मी लाल भोपळा उकडून दिला. उरलेल्या अर्ध्यात पुण्याहून आणलेला गूळ घालून घारगे तळले. जेवायला सिन्योरापण होती. तिने टर्की बघून नाक मुरडलं आणि घारगे रुमालात बांधून नेले.

तुमचंही येऊ द्या. पिसाच्या मनोऱ्याला हात लावल्याचे फोटो नकोत प्लीज.

बारामतीकर

आमच्या बारामतीत आपे रिक्षा बनते, म्हणून ट्रेनिंगला पोंतेदेराला गेलो होतो. तिथे १९४८ पासून आपे. म्युझियम आहे. पण खरी मजा आजूबाजूच्या डोंगरगावांत. म्हातारे लोक चिंचोळ्या गल्लीतून छोटी आपे घेऊन द्राक्षं, लाकडं, कुत्रं सगळं भरून जातात. आणि ५० सीसीची आपे चौदाव्या वर्षी चालवता येते! शाळेच्या पार्किंगमध्ये पोरांच्या आपे उभ्या. म्हटलं आमच्याकडे यात दहा माणसं बसतात, तर कुणाचा विश्वास बसेना. फोटो दाखवला तेव्हा लाईनवरचे सगळे गोळा झाले. तिकडचं उत्पादन २०२४ च्या शेवटी थांबलं, आता बारामतीच.

खवय्या७

सावनीताई, तुम्ही लुक्कात राहून चेचिनाचं नाव नाही घेतलंत? बेसन, पाणी, तेल, मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. वरून मिरी. लिव्होर्नोत पावात घालून देतात. माझी आई आली होती तेव्हा तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ओवा विसरलेत.

सावनी_क

@खवय्या७ हसून हसून पुरेवाट 😂 ओवा विसरलेत!! चेचिना रोजची होती हो, म्हणूनच आठवली नाही.

मीनल_एडिसन

आम्ही दोघं अमेरिकन पासपोर्टवालेच, पण मराठी. नवऱ्याची सबॅटिकल (अभ्यासरजा), बोलोन्यात वर्षभर. मस्त लिहिलंय सावनी, फक्त तुझ्या काका-काकूंना एक त्रास नसेल तो आम्हाला होता. बेकरीवाला विचारायचा कुठले? आम्ही अमेरिका. तो म्हणे नाही, खरे कुठले? मग पुणे म्हटलं की एकदम खूश.

हीटिंग. बोलोन्या थंड पट्ट्यात मोडतं, तिथे बिल्डिंगचं हीटिंग १५ ऑक्टोबरला सुरू आणि १५ एप्रिलला बंद. दिवसात जास्तीत जास्त १४ तास. न्यू जर्सीत आम्ही थर्मोस्टॅटवर बोट ठेवलं की गरम. इथे १० ऑक्टोबरला कडाका पडला तर स्वेटर घाला आणि तारखेची वाट बघा. वर घर २० डिग्रीच. सासूबाई आल्या होत्या डिसेंबरात, त्यांनी पूर्ण मुक्काम शालीत काढला आणि आम्हाला "एवढे पैसे मिळवून काय उपयोग" असं ऐकवलं.

पण छत्री मात्र लागत नाही. शहरात ६२ किलोमीटरच्या कमानींखालून पायवाटा आहेत, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. सान लुकाच्या चर्चपर्यंतच्या चढावर ६६६ कमानी. पावसातसुद्धा कोरडे राहून डोंगर चढायचा. मी रविवारी जायचे आणि माझ्यापुढे सत्तरीच्या बायका गप्पा मारत पुढे निघून जायच्या. दम लागायचा मलाच.

टॅक्सचं कुणी बोलत नाही. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहो, उत्पन्न मर्यादेवर असेल तर रिटर्न अमेरिकेत भरायचंच. म्हणून इटलीतली बँक अमेरिकन नागरिक म्हटलं की जास्तीचे कागद काढायला लावते. आणि पासष्टीनंतरचं मेडिकेअर बाहेरच्या देशात जवळपास चालतच नाही, खाजगी विमा काढूनच जा. दार वाजलं, नंतर लिहिते

निनाद_ठाणे

वाचतोय. लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि गॅस सिलेंडर कोण चढवायचं?

सावनी_क

पाईपचा गॅस होता. पाण्याच्या बाटल्यांचे सहा-सहाचे गठ्ठे नवरा चढवायचा, कशाला ते माहीत नाही, नळाचं पाणी उत्तम होतं. तिथे सगळे बाटल्याच घेतात, आम्हीपण.

रोमात_रमलेली

नळाचं पाणी!! रोममध्ये रस्त्यात साधारण अडीच हजार नासोनी आहेत, लोखंडी नळ, सतत वाहणारे. तोटीला बोट लावून दाबलं की वरच्या भोकातून कारंजं येतं, थेट तोंडात. मुलाला ते शिकवायला नको होतं, शाळेचा युनिफॉर्म रोज ओला.

बाकी ऑगस्ट. १५ ऑगस्ट म्हणजे आपल्याला झेंडावंदन, त्यांना फेरागोस्तो. गल्लीतला न्हावी, चांभार, बेकरी, सगळ्यांच्या शटरवर 'कियूझो पेर फेरिये', म्हणजे सुट्टीसाठी बंद. लेकाला त्याच आठवड्यात ताप. औषधांची दुकानं पाळीने उघडी असतात, बंद दुकानाच्या दारावरच पाटी असते, आज कुठलं चालू ते. भर उन्हात त्याला कडेवर घेऊन निघाले. पाळीच्या दुकानातली बाई इतकी निवांत की तिने आधी त्याला खुर्ची दिली, मग मला, मग स्वतः बसली आणि सगळी कथा ऐकली. औषध नंतर.

देशमुख_वि

कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. बिदे, म्हणजे कमोडशेजारचं धुवायचं भांडं. १९७५ च्या सरकारी नियमानुसार इटलीत घराच्या एका तरी बाथरूममध्ये बिदे असायलाच लागतं. युरोपात फिरून आलेल्या आपल्या माणसाला इटलीत घर घेतल्यावर जो आनंद होतो तो शब्दात नाही.

रोमात_रमलेली

देशमुखकाका 🙏🙏 याच प्रतिसादाची वाट बघत होते

मीनल_एडिसन

+१. अमेरिकन मित्र आले होते, त्यांनी त्यात फुलं ठेवली.

सावनी_क

ओहायोकाकू स्वेटर धुवायच्या त्यात 😂

हेमंत_तोरिनो

इथेच राहतो अजून. लायसन्सवर लिहितो, कारण नवीन येणारे फसतात. रहिवासी झाल्यावर एक वर्षापर्यंत बाहेरचं लायसन्स चालतं, मग नाही. भारताशी अदलाबदलीचा करार नाही आणि अमेरिकेशीपण नाही. म्हणजे आपण आणि ते एकाच बाकावर. थिअरीला ३० प्रश्न, चूक की बरोबर, वेळ २० मिनिटं, तीनपेक्षा जास्त चुकले की नापास. परीक्षा इटालियनमध्ये, फार तर जर्मन किंवा फ्रेंच. इंग्रजी नाही.

माझ्यासोबत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टेक्सासचा एक गृहस्थ होता, साठीचा. चाळीसेक वर्षं ट्रक चालवलेला. पास झाल्यावर तीन वर्षं 'नवशिका', हायवेवर १०० च्या वर जायचं नाही, ताकदवान गाडी चालवायची नाही. तो म्हणायचा नातवापेक्षा माझं लायसन्स नवीन आहे. बायको मात्र खूश, कारण तिने नाद सोडून ट्रॅमचा पास काढला होता आणि आता ती त्याला स्टेशनपर्यंत सोडायला लावायची. दोघं बाजारच्या दिवशी भेटायची. पोर्ता पालात्सोचा बाजार, प्रचंड. मोरोक्कन माणसाकडे कोथिंबीर मिळते, तीच सगळ्यांची ओळखीची जागा. बाईला कोथिंबीर मेक्सिकन जेवणाला लागायची, मला भाताला.

ज्योत्स्ना_आ

अवांतर: शाकाहारी लोकांनी पार्मिज्यानो चीजबद्दल वाचा हो. त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं.

खवय्या७

झालं सुरू.

ज्योत्स्ना_आ

माहिती देतेय, खाऊ नका म्हणत नाहीये. दुसऱ्या एखाद्या चीजच्या पाकिटावर 'काल्यो वेजेताले' (वनस्पतीचं रेनेट) असेल तर चालतं. ग्राना पादानोमध्येपण वासराचंच. मुलगी रेज्जो एमिलियाला होती दोन वर्षं, तिने शोधून काढलं. तिथल्या गोठ्यांवर पंजाबी मंडळी आहेत पुष्कळ, गाई पहाटे आणि संध्याकाळी पिळायच्या, सुट्टी नाही. त्या चीजमागे त्यांचे हात आहेत. नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे, २००० साली इटलीचे माजी पंतप्रधान रोमानो प्रोदींच्या हस्ते उद्घाटन झालं. मुलीच्या कॉलेजातली एक अमेरिकन मैत्रीण दर रविवारी लंगरला जायची, घरच्यासारखं जेवण मिळतं म्हणून. तिचं घर कॅन्सासमध्ये!

निनाद_ठाणे

कॅन्सास 😂

अपर्णा_कोथरूड

धागा छान. माझी मुलगी सप्टेंबरात पेरुज्याला जातेय, मास्टर्सला. काय काय न्यावं? ती म्हणते आई काही नको. मला झोप नाही.

हेमंत_तोरिनो

@अपर्णा_कोथरूड शहर डोंगरावर आहे, चांगले बूट. वर जायला जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने आहेत आणि मिनीमेट्रो. पोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत पर्मेसोचा (राहण्याच्या परवान्याचा) अर्ज टाकायचा, आधी बाकीचं काही नाही. पोस्टातून किट घ्यायचं, सगळ्या पोस्टांत नसतं, 'स्पोर्तेल्लो आमिको' असलेल्या पोस्टात. १६ युरोचा मार्का दा बोल्लो (सरकारी मुद्रांक) ताबाक्कीत मिळतो, तंबाखूचं दुकान, T ची पाटी. पोस्टातली पावती जिवापाड जपायला सांगा, कार्ड येईपर्यंत तीच ओळख. मग क्वेस्तुरात (पोलीस मुख्यालयात) बोटांचे ठसे. कोदिचे फिस्काले (आपल्या पॅनसारखा कर क्रमांक) लगेच काढा, सिमकार्डपासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे मागतात.

अपर्णा_कोथरूड

खूप धन्यवाद!! ताबाक्कीत जायला मुलीला काही हरकत नाही ना? म्हणजे दुकान कसं असतं

रोमात_रमलेली

काकू तिथे बसची तिकिटं, पोस्टाची तिकिटं, च्युइंगगम सगळं मिळतं. आज्याबायका लॉटरी घेत उभ्या असतात. निर्धास्त.

सावनी_क

अपर्णाताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, माझी मैत्रीण पेरुज्यात आहे. आणि थंडीचे कपडे इथून ढीगभर नेऊ नका, तिथल्या आठवडी बाजारात मिळतात.

अपर्णा_कोथरूड

बघते व्यनि. कुकर न्यावा का?

मीनल_एडिसन

न्या. आमची बोलोन्यातली शेजारीण पहिल्या शिट्टीला दार वाजवून विचारायला आली होती, नंतर तिसऱ्या शिट्टीला बशी घेऊन यायला लागली.

बारामतीकर

तीन लिटरचा पुरे. जास्तीचं रबर आणि शिट्टी द्या बरोबर, तिकडे मिळत नाही. बॅगेत कुकरमध्ये डाळ भरा, जागा वाचते.