बाबांची मॅटाडोर पुन्हा रस्त्यावर आणायची का?

महालकर:
घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय. बाबांची १९८८ची बजाज टेम्पो मॅटाडोर व्हॅन. मागची बाकं काढून त्यांनी सागवानी दिवाण बसवला, खाली भांड्यांचे खण केले, हवेसाठी छपराला झरोका कापला. मे महिन्यात नागपूर तापलं की अख्खं घर त्यात कोंबून छिंदवाडामार्गे पचमढी. तामियाच्या घाटात दोन सीटच्या मधलं इंजिनाचं झाकण असं तापायचं की आई त्यावर ओला पंचा टाकायची.

आता ती हिंगण्याच्या प्लॉटवर विटांवर उभी आहे. धाकट्याला ती 'होती तश्शी' करायची आहे, आणि भावंडांनी वर्गणी काढावी म्हणतो. माझा विरोध आहे. बाबा गेले. चालवणार कोण? आमची पोरं एसीशिवाय कामठीलाही यायला तयार नसतात. वर्षातून एकदा फोटो काढायला एवढा खर्च, आणि मग ठेवायची कुठे यावरून भांडण. काय वाटतं?

गांधीबागचा भाऊ:
काय राजेहो, बापाची गाडी भंगारवाल्याले देता? घरात आजीची पुतळ्यांची माळ असते, ते काय रोज घालून फिरता? कामाची नाही म्हणून मोडत नाही ना कोणी! तुम्ही सारा हिशोबच करून राहिले. मी म्हणतो, करा. पोट्ट्यांना एसी पाहिजे तर त्यांनी मागून कारनं यावं.

महालकर:
माळ कपाटात मावते, भाऊ. मॅटाडोरला प्लॉट लागतो. आणि प्लॉट विकायचा आहे, हे लिहायचं राहिलं.

वाडीचा मिस्त्री:
इंजिनाची चिंता शेवटी करा. झाकण उघडून आधी बघा कोणतं आहे. मर्सिडीजच्या डिझाइनचं ओएम ६१६ असेल तर नशीबवान आहात, हेच इंजिन पुढे त्याच कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांमध्ये चाललं, त्यामुळे रिंगा, गॅस्केट, नोझलसाठी रडावं लागत नाही.

गाडी मरते ती पत्र्यानं. पायदान, चाकावरची कमान, समोरच्या काचेखालची पट्टी, या तीन जागी पेचकस टोचा. आरपार गेला तर डेंटिंगवाला 'पुट्टी भरून देतो' म्हणेल. नमस्कार करून निघा. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात रंग फुगून खालून गंज बाहेर येतो. विटांवर वर्षानुवर्षं उभी म्हणजे टायर, होजपाइप, ब्रेकचे रबर सगळे गेलेच धरा. ड्राइव्ह पुढच्या चाकांना आहे, तिथले जॉइंट शोधायला फिरावं लागेल. समोरच्या काचेला मात्र जिवापाड जपा.

करण्यासारखी आहे. पण जो मिस्त्री गाडी न बघता आकडा सांगेल त्याला देऊ नका.

कलम ५२:
भावना बाजूला ठेवून कागदांचं बोलू. 'व्हिंटेज नंबर', म्हणजे जुन्या जपलेल्या गाड्यांची खास नोंदणी, 'घेऊ' असं कुणी सुचवण्याआधीच सांगतो. २०२१च्या केंद्राच्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, म्हणजे तुमची २०३८नंतर. शिवाय ती मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. बाबांनी छप्पर कापलंय. धाकट्या भावाला ज्या गोष्टीचं प्रेम आहे, नेमकी तीच नियमात अडचण आहे. नंबर मिळाला तरी गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

साधी नोंदणी चालू ठेवायची तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या हलक्या गाडीची फी ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झाली आहे. हरित कर वेगळा, उशिराचा दंड महिन्यागणिक वेगळा, एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटी, वेगळी. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी दिवाणाकडेच बोट दाखवेल.

ऑरेंज सिटी:
पण १० वर्षांनी डिझेल गाड्या बंदच झाल्या ना? मग चर्चा कसली?

कलम ५२:
ते दिल्ली-एनसीआरचं. नागपुरात तसा नियम नाही. फिटनेस आणि पीयूसी मिळालं तर चालते.

धरमपेठची वहिनी:
सगळे पुरुष इंजिन आणि आरसीवर बोलताहेत. त्या ओल्या पंचाचं पुढे काय झालं? आमच्याकडेही अशा 'मजेच्या' सहली होत्या. पोरं धबधब्यात, नवरा घाटाचे फोटो काढतोय, आणि बाई गाडीआड वाऱ्यात स्टोव्हला पंप मारतेय. तुमच्या आईला कुणी विचारलं का?

महालकर:
विचारलं. म्हणाली, 'विकून टाका, पण दिवाणाच्या फळ्या काढून घ्या, सागवान चांगलं आहे.'

गांधीबागचा भाऊ:
बाप्पा! माउली सगळ्यात हुशार निघाली.

महालकरचा धाकटा:
दादा, अर्धीच गोष्ट लिहिलीस. मी त्या गाडीत पचमढीला कधी गेलोच नाही. मी कळता झालो तेव्हा ती विटांवर होती. दर दिवाळीत तुम्ही तिघं तेच किस्से सांगता, पंचा, झरोका, घाटात बाबांनी रेडिएटरवर ओतलेलं पिण्याचं पाणी, आणि मी हसायचं तेवढं हसतो. तुमचं फिरून झालंय, म्हणून तुम्हाला फोटो पुरतो. मला शोपीस नको, शेतावर नेऊन खोली करायचीही नाही. मला ती चालवायची आहे. एकदा तरी, तामियापर्यंत. वर्गणी नको असेल तर नका देऊ, पण प्लॉटच्या व्यवहारात तिला भंगार म्हणून घालू नका.

धरमपेठची वहिनी:
हे आधी लिहायला हवं होतं. माझं मत बदललं नाही, पण राग कमी झाला. स्टोव्ह तुम्ही पेटवणार असाल तर जा.

महालकर:
हे तो मला घरात कधी बोलला नाही. वर्गणीबद्दल माझं तेच मत आहे, दोघा बहिणींना यात ओढू नये. पण प्लॉटचा व्यवहार होईपर्यंत गाडी हलणार नाही, एवढं मी बघतो. रविवारी पेचकस घेऊन जाऊ. मिस्त्री, तुम्ही येणार का? पेट्रोल आमचं.

वाडीचा मिस्त्री:
सकाळी लवकर. नंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

कलम ५२:
पेचकसाआधी आरसी शोधा. बाबांच्या नावावर असेल तर वारसांच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि बाकी वारसांची संमती. म्हणजे दोघा बहिणींच्या सह्या लागणारच.