बाबांचा मधुमेह, एकादशीचे उपवास आणि आषाढीची वारी : सल्ला हवा आहे

दगडफूल :
नमस्कार. माझ्या वडिलांना, वय 61, नुकतेच टाइप 2 मधुमेहाचे निदान झाले. उपाशीपोटी साखर 162 आणि एचबीए1सी (काही महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) 8.1 आली असून मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या सुरू झाल्या आहेत. बाबा माळकरी आहेत, दर एकादशीला उपवास करतात आणि येत्या आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालत जायचे त्यांनी ठरवले आहे. अंगाने सडपातळ असल्यामुळे "मला कुठून आली साखर?" हा प्रश्न त्यांच्या मनातून जात नाही. ज्वारीची भाकरी कितीही चालते, चहात साखरेऐवजी गूळ घातला की झाले, असे सल्ले नातेवाइकांकडून येत आहेत. जेवणाची घडी कशी बसवावी आणि उपवास व वारीचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाणवठा :
आधी बाबांच्या प्रश्नाविषयी, कारण त्याचे उत्तर पटल्याशिवाय माणूस पथ्य मनापासून पाळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3 होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. आपल्याकडे हातपाय बारीक असतानाही पोटाच्या आत चरबी साठते, स्नायू कमी असतात आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर मोजा. पुरुषांत तो 90 सेंटिमीटरच्या आत असावा.

आता ताटाविषयी. गूळ रक्तात साखरेसारखाच वागतो, त्यामुळे त्या बदलाने काहीही साधत नाही. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठातही 65 ते 70 ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे गव्हाच्या जवळपास तितकीच. भाकरी अवश्य खावी, पण मोजून. माझा आग्रह असा, की घरात वेगळा 'डाएट' शिजवू नका. जे नेहमी शिजते त्यातच अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट मटकी, मूग किंवा हरभऱ्याच्या उसळीचे आणि उरलेले पाव ताट भाकरीचे किंवा भाताचे, अशी मांडणी करा. कोशिंबीर आणि उसळ आधी संपवून भाकरीला नंतर हात घातला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हा बदल फुकटचा आहे आणि घरातील कोणालाही त्रास न देता करता येतो.

बाबांना खरे पटेल ते ग्लुकोमीटरमुळे. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर तपासावी आणि ताटात काय होते ते वहीत शेजारी लिहावे. एक दिवस भाताचे जेवण, एक दिवस भाकरी-उसळीचे, एक दिवस तेच जेवण आणि लगेच पंधरा मिनिटे चालणे, असे करून पाहिले की कोणता पदार्थ किती चढवतो, ते त्यांच्याच रक्तातून कळते. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरच्या चालण्याचा आकडा बहुधा लगेच दिसतो. दोन तासांनंतरची साखर 180 च्या आत राहावी, हे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे; बाबांचे उद्दिष्ट मात्र डॉक्टरांनी ठरवावे. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे ती तीन महिन्यांनीच पुन्हा करा.

कृष्णाकाठ :
पाणवठा यांनी लिहिले ते सर्व पटले. मी एकादशीबद्दल लिहितो, कारण माझ्या घरीही माळ आहे.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्यासोबत बटाटा आणि वर गोड चहा, असा उपवास म्हणजे प्रत्यक्षात नेहमीपेक्षा जास्त कर्बोदकांचा दिवस होतो. त्याऐवजी ताक, दही, भाजलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर आणि थोडी राजगिऱ्याची भाकरी चालते. धोका मात्र दुसरीकडे आहे. मेटफॉर्मिन एकटे सहसा साखर घसरवत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यामुळे निर्जळी किंवा अर्धपोटी उपवासात ती गोळी नेहमीसारखी घेऊ नये आणि मनानेही बंद करू नये. उपवासाचे दिवस दाखवून डॉक्टरांकडून मात्रा आधीच लिहून घ्या. वारीसाठीही तेच, कारण दिवसभराच्या चालण्याने साखर उतरते आणि वाटेत जेवणाची वेळ आपल्या हातात नसते.

दगडफूल :
दोघांचेही मनापासून आभार. साखर घसरली हे वाटेत ओळखायचे कसे आणि त्या वेळी नेमके काय द्यायचे?

कृष्णाकाठ :
हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी भूक आणि बोलण्यात गोंधळ. दिवेघाटाच्या चढणीवर घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून शंका आली की थांबून तपासावे. आकडा 70 च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. पेढा देऊ नये, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खायला द्यावी, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यावे. ही माहिती फक्त तुम्हाला असून उपयोग नाही. दिंडीतील बरोबरीच्या दोघा-तिघांना सांगून ठेवा आणि साखरेची पुडी बाबांच्या खिशातच असू द्या.

पाणवठा :
वारीआधी पायांची तपासणी करून घ्या. मधुमेहात तळपायाची संवेदना नकळत जाते आणि खडा टोचला तरी समजत नाही, म्हणून तापलेल्या डांबरावर अनवाणी चालणे बाबांनी टाळावे. पादत्राणे आधी महिनाभर वापरलेली असावीत, मोजे सुती आणि रोज बदलता येतील इतके असावेत आणि मुक्कामावर पोहोचल्यावर बोटांच्या बेचक्यांसह तळवे उजेडात कोणीतरी पाहावेत. फोड आल्यास तो फोडू नये. त्याच फेरीत बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा, तसेच मूत्रपिंडांसाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्या. टाइप 2 मधुमेह निदानाआधी काही वर्षे लपलेला असू शकतो, म्हणून या तपासण्या पुढच्या वर्षावर ढकलू नयेत. पहिल्या तीन महिन्यांच्या वहीतले आकडे इथे टाकलेत, तर भाकरीचे प्रमाण आपण मिळून ठरवू.