शुलहॉफला म्हणे राजकारणाने वाया घालवलं!

तिरकीट (धागाकर्ता)

'सध्या काय ऐकताय' या धाग्यात काल खडूस यांनी एक पिंक टाकली आणि झोपायला गेले. म्हणणं असं की प्रागचा संगीतकार एर्विन शुलहॉफ १९३० पर्यंत जीनियस होता, मग कम्युनिस्ट झाला, १९३२ ला मार्क्स-एंगल्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याला चाल लावली आणि संपला, आणि आज लोक त्याला वाजवतात ते निव्वळ नाझींच्या कैदेत मेला म्हणून. त्याला भरपूर अंगठेही मिळालेत. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

माणूस १९३२ ला एका रात्रीत राजकीय झाला हेच मुळात चूक. प्रागमधल्या जर्मन बोलणाऱ्या ज्यू घरातला मुलगा, याला संगीतच शिकवा म्हणून लहानपणी खुद्द संगीतकार द्वोर्झाकने सांगितलेलं, पुढे लायप्झिगला संगीतकार रेगरकडे शिकला, सगळं कसं रांगेत चाललेलं. मग ऑस्ट्रियाच्या फौजेत भरती आणि अख्खं महायुद्ध. परत आला तो डावा होऊनच आला आणि ड्रेस्डेन-बर्लिनच्या दादावाल्यांत, म्हणजे कलेतले सगळे नियम उधळणाऱ्या कलावंतांत शिरला. १९१९ ची पियानोची 'पिटोरेस्केन' चित्रकार गेओर्ग ग्रोसला अर्पण केलीय. त्यातला 'इन फुतुरुम' हा तुकडा कुणी नोटेशनमध्ये पाहिलाय का? उजव्या हाताला खालच्या सुरांचा बास क्लेफ, डाव्याला वरचा ट्रेबल, म्हणजे नेहमीच्या उलट, ताल तीन-पंचमांश आणि सात-दशांश म्हणजे मोजताच येणार नाही असा, आणि पानभर नुसते रेस्ट, म्हणजे गप्प राहायच्या खुणा. स्वर एकही नाही. मधेमधे उद्गारचिन्हं, प्रश्नचिन्हं, गोल हसरे चेहरे, आणि वर सूचना की पूर्ण भावना ओतून वाजवा! अमेरिकन संगीतकार जॉन केजचं गाजलेलं मूक '४ मिनिटं ३३ सेकंद' १९५२ चं आहे, त्याच्या ३३ वर्षं आधी हे. आघाडीवरून आलेला माणूस पियानोला गप्प बसवतो आणि वर 'भावना ओता' म्हणतो, यात तुम्हाला राजकारण दिसत नसेल तर मग कुठे दिसणार, फक्त लाल झेंडा असला की?

खडूस

झोपायला गेलो कारण सकाळी ऑफिस असतं, सगळ्यांना धागे काढायला वेळ नसतो.

'इन फुतुरुम' गंमत आहे, मान्य. पण १९२४ चं सेक्स्टेट (सहा तंतुवाद्यांचं) ऐका, पहिलं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचं) ऐका, दुसरं ऐका, १९३० चा क्वार्टेट आणि फुंकवाद्यांचा कॉन्चेर्तो ऐका आणि लगेच सहावी सिम्फनी लावा. तोच माणूस आहे यावर विश्वास बसतो का? एकच लय दामटवायची, ब्रास (पितळी फुंकवाद्यं) वाजवायचे, शेवटी कोरस, लाल सेनेला सलाम. १९३३ ला रशियाला जाऊन आला आणि स्वतःचे कान तिथेच ठेवून आला. विचार डावे असायला माझी हरकत नाही, कंटाळवाणं लिहायला आहे.

मिरची_भजी

खडूसला +१. आणि तिरकीट, तुम्ही सोयीचं तेवढंच सांगताय. ज्या विचारापायी याने सगळं उधळलं त्यांनी याला काय दिलं? १९४८ ला चेकोस्लोव्हाकियात त्यांचंच राज्य आलं ना? मग जाहीरनाम्याची कॅन्टाटा (गायक आणि कोरसची मोठी रचना) पहिल्यांदा वाजायला १९६२ का उजाडलं? चौदा वर्षं त्यांचेच लोक खुर्चीवर होते. १९५२ च्या, पक्षाचाच नेता स्लान्स्की याच्यावरच्या खटल्यात १४ पैकी ११ आरोपी ज्यू होते आणि ११ जणांना फाशी दिली, तेही पक्षाचेच जुने लोक. शुलहॉफ तेव्हा जिवंत असता तर पहिल्या गाडीत बसवला असता.

माझे वडील २२ वर्षं युनियनमध्ये होते, संप फसला तेव्हा नेते आपापल्या फ्लॅटवर गेले आणि आम्ही गावाला. त्यामुळे लाल गाण्यांनी मला भरून वगैरे येत नाही.

तिरकीट

वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्याचा राग १९४२ ला मेलेल्या माणसावर काढू नका. १९६२ पर्यंत वाजलं नाही हा मुद्दा तुम्ही माझ्याच बाजूने मांडलाय, कळतंय का? तो सरकारी भाट असता तर १९४८ लाच वाजलं असतं!

आणि त्या कॅन्टाटाला 'चाल लावली' काय म्हणता, चार सोलो गायक, दुहेरी मिश्र कोरस, मुलांचा कोरस आणि साथीला फुंकवाद्यांचा ताफा, व्हायोलिनं एक नाही. हे उघड्या मैदानाचं संगीत आहे. जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनच्या नव्या संगीताच्या महोत्सवाची तिकिटं न काढणाऱ्यांसाठी लिहायचं म्हटलं की लिहिणं बदलणारच. आपल्याकडे अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला तेव्हा त्यांना कुणी विचारलं का की यात ख्यालाची नजाकत कुठेय?

खडूस

अण्णाभाऊंना मधे आणू नका. पवाडा हा मुळातच मैदानातला प्रकार आहे. सिम्फनी हॉलमध्ये बसून ऐकायची असते, तिला मैदानात नेली तर ती तिथलीही राहत नाही आणि इथलीही.

ब्र्नोकर

इथे चेकमधल्या ब्र्नोत नोकरीला आहे म्हणून दोन पैसे माझेही. खडूस यांचं 'कैदेत मेला म्हणून वाजवतात' हे अर्धं पटतं, पण ते म्हणतात त्या कारणाने नाही. इथे एका कार्यक्रमात क्वार्टेटचे पाच तुकडे ऐकले (१९२३ चे, फ्रेंच संगीतकार मियोला अर्पण केलेले, शेवटचा टारान्टेला तर खुर्चीत बसू देत नाही). छापील पत्रकात नावं काय, तर हास, क्रासा, उलमान, क्लाइन आणि शुलहॉफ, सगळे एका गाठोड्यात, 'तेरेझिनचे संगीतकार'. अहो तो तेरेझिनच्या नाझी छावणीत नव्हताच! बव्हेरियात व्युल्त्सबुर्ग किल्ल्यावरच्या छावणीत होता, आणि तिथे टीबीने गेला, १८ ऑगस्ट १९४२ ला. आयोजकांना मेल टाकला, उत्तर नाही.

आणि यात राजकारण कसं आहे बघा. देश नाझींच्या ताब्यात गेल्यावर त्याने सोव्हिएत नागरिकत्व मागितलं, ते १९४१ मध्ये मिळालं. हिटलर-स्टालिन करार होता तोवर तो कागद ढालच होता. २२ जूनला हिटलर रशियात घुसला आणि २३ ला याला प्रागमध्ये पकडलं, शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून. म्हणजे जो पासपोर्ट घेऊन निसटायचं तोच अटकेचं कारण झाला. हे 'नाझींनी मारलेले ज्यू संगीतकार' या लेबलात बसवायला गेलं की हाच भाग पहिला गळतो.

मिरची_भजी

म्हणजे स्टालिनवर भरवसा ठेवला आणि मेला. धन्यवाद, हेच म्हणत होतो.

तिरकीट

मिरची, त्या वेळी ज्यू माणसाला प्रागमधून बाहेर पडायचे रस्ते किती होते? अमेरिका तिकीट काढून वाट बघत होती का?

आजोबांचा_रेडिओ

रस्ते होते की! आमच्या मुंबईचाच होता. चेक प्रदेशातल्या कार्ल्सबादचा वॉल्टर कॉफमन १९३४ लाच मुंबईत उतरला, तोही ज्यू, तोही संगीतकार, शुलहॉफपेक्षा तेरा वर्षांनी लहान. इथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीत बघायचा, आणि आकाशवाणीची ती पहाटेची धून त्याचीच. वेळेवर निघाला आणि वाचला, पुढे कॅनडा, अमेरिका करत १९८४ पर्यंत जगला. घोषणा देत बसला नाही.

अल्टोवाली

ती धून कॉफमनची आहे याला पक्का पुरावा काय? ठाकूर बलवंत सिंग यांचंही नाव घेतात ना.

आजोबांचा_रेडिओ

ताई, आमच्या आजोबांनी त्या धुनेवर घड्याळ लावलंय आयुष्यभर. खालचा तंबोरा सुरू झाला की आजी चुलीवर पाणी ठेवायची. शिवरंजनी आहे शुद्ध, आणि व्हायोलिन मेहली मेहतांचं.

अल्टोवाली

आजोबांचं घड्याळ बरोबर होतं यावरून धून कुणाची ते ठरत नाही हो. आणि 'शिवरंजनी शुद्ध' म्हणजे काय, एवढ्याशा तुकड्यात राग कसा ठरवणार, शिवरंजनीची आठवण होते एवढंच म्हणा. मेहली मेहता कॉफमनबरोबर वाजवायचे म्हणून हेही त्यांनीच वाजवलं, असं जोडत गेलं की दंतकथा तयार.

आजोबांचा_रेडिओ

आपल्याकडे पुरावे मागायची फार हौस आली आहे. सेंटरवर जुनी टेपं पुसून त्यावर भाषणं रेकॉर्ड करायचे म्हणतात, ते कुणाला विचारायचं? आता तर लोकांनी रेडिओ बंदच केला, मोबाईलवर पॉडकास्ट ऐकतात आणि वर आम्हाला शिवरंजनी शिकवतात.

शंख

माझ्या काकांनी रेडिओवर नोकरी केली, ते सांगायचे धून कॉफमनची पण राग ठेवायला इथल्याच कुणी तरी सांगितलं. नाव आठवत नाही.

अल्टोवाली

बघा, आता काकाही आले.

आजोबांचा_रेडिओ

तुम्ही काकांवर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. ज्या माणसाने भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही कळलं नाही आणि दोष आपला आहे असं ठरवून पुढे उत्तर भारतीय रागांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याला शिवरंजनी येणार नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

अल्टोवाली

असं मी कुठेच म्हटलेलं नाही. वर जाऊन वाचा.

ब्र्नोकर

मंडळी, धागा शुलहॉफचा आहे. आणि रेडिओकाका, कॉफमन घोषणा देत बसला नाही म्हणून वाचला हा तर्क चीड आणणारा आहे. तेरेझिनवाले काय घोषणा देत होते? पावेल हास, याच ब्र्नोचा, चेक संगीतकार यानाचेकचा विद्यार्थी, कुठल्या मोर्चात होता? त्याला ऑक्टोबर १९४४ ला आउश्वित्झला नेऊन मारलंच ना.

आजोबांचा_रेडिओ

मी तसं म्हणालो नाही. बरं, म्हणालो असेन, पण अर्थ तो नव्हता.

अल्टोवाली

मी मुळात दुसरंच सांगायला आले होते. मी अल्टो सॅक्स वाजवते, शुलहॉफची सॅक्स-पियानोची 'हॉट-सोनाटे' बसवायचा दोन वर्षं प्रयत्न चाललाय. १९३० ला बर्लिन रेडिओसाठी लिहिलेली, जॅझचा बाज पण एक स्वर सुटा नाही, सगळं कागदावर. तिसऱ्या भागात सॅक्स जे रडतं ना, घसरत घसरत खाली येतं, ते इम्प्रोव्हाइज केल्यासारखं वाजलं पाहिजे आणि प्रत्यक्षात मोजून वाजवावं लागतं. पियानोवाला मिळत नाही. एका संस्थेत विचारलं तर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही. दुसऱ्या एकाने विचारलं, हा तो हॉलोकॉस्टवाला का, मग जानेवारीत हॉलोकॉस्ट स्मृतिदिनाला कार्यक्रम ठेवू. बाकी अकरा महिने सॅक्सने काय करायचं?

त्यामुळे खडूस, सहानुभूतीने वाजवतात म्हणता ते चिडून का होईना मान्य. पण ती सहानुभूती १९२० च्या दशकातल्या कामालाच मिळते, जे तुम्हालाच आवडतं. १९३५ ची तिसरी सिम्फनी, भूकमोर्चांची, चौथी, ज्यात स्पेनच्या युद्धावर बॅरिटोन गातो, ती कोण लावतं? हुतात्मा म्हणून चालतो, कम्युनिस्ट म्हणून नको.

खडूस

हे बरं लिहिलंय. चौथी मी पूर्ण ऐकलेली नाही, बॅरिटोन आला की बंद करतो ही माझी जुनी खोड आहे, शुलहॉफचा दोष नाही. आज रात्री ऐकतो. सहावी मात्र पुन्हा ऐकणार नाही, तिरकीट यांनी कितीही अण्णाभाऊ आणले तरी.

तिरकीट

सहावीचा शेवट लांबलाय, हे मीही म्हणतो. लांबलाय म्हणजे पाणचट आहे असं नाही.

मिरची_भजी

लांबलाय म्हणजे पाणचटच असतं, पक्षाच्या सभेत कधी बसला नाहीत वाटतं.

ब्र्नोकर

अल्टोवाली, इथल्या दुकानांत नोटेशन मिळतं, जून पर्यंत सुट्टीवर येतोय, लागत असेल तर सांगा.

अल्टोवाली

नोटेशन आहे हो, पियानिस्ट आणा.

शंख

काकांना फोन केला होता. ते म्हणतात राग सुचवणारा माणूस कोल्हापूरचा होता.

आजोबांचा_रेडिओ

कोल्हापूरचा कसा असेल? नाव सांगा, मग बोलू.