गॅरी हार्टला घालवलं कोणी: पत्रकारांनी की त्याने स्वतःच?

जुना वाचक (धागाकर्ता):
१३ एप्रिल १९८७ ला गॅरी हार्टने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली आणि ८ मे रोजी डेन्व्हरमध्ये ती मागे घेतली. कोलोरॅडोचा हा माजी सिनेटर तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षात सगळ्यांच्या पुढे होता, जनमत चाचण्यांत थोरल्या बुशनाही मागे टाकत होता. लष्करी खर्चाच्या सुधारणांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. हे सगळं वाहून गेलं ते मायामी हेराल्ड या दैनिकाच्या बातमीदारांनी त्याच्या वॉशिंग्टनच्या घराबाहेर पाळत ठेवून एका तरुणीच्या येण्याजाण्याची बातमी छापली म्हणून. पुढे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हरच्या पत्रकार परिषदेत एकाने सरळ विचारलं, 'तुम्ही कधी व्यभिचार केलाय का?' उत्तर द्यायला मी बांधील नाही, असं हार्ट म्हणाला. माझ्या मते तो बरोबर होता. हा प्रश्न विचारायचा हक्क फक्त त्याच्या बायकोला होता.

वाटसरू:
साफ असहमत. 'माझ्या मागे लागा, कंटाळाल' असं आव्हान त्यानेच न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाला दिलं होतं. आव्हान द्यायचं आणि कोणी ते स्वीकारलं की खासगीपणाच्या नावाने गळा काढायचा, हे कसं चालेल?

जुना वाचक:
अहो, इथेच सगळ्यांची गल्लत होते. ते वाक्य असलेलं मासिक आणि हेराल्डची बातमी दोन्ही एकाच दिवशी, ३ मे रोजी आली. पाळत त्याआधीच, फोनवर मिळालेल्या खबरीवरून सुरू झाली होती. त्यातही मागच्या दारावर सतत पहारा नव्हता. अशा अर्धवट पुराव्यावर बातमी पहिल्या पानावर गेली.

मधली आळी:
तारखांचं मान्य. पण त्याच्याविषयीची कुजबुज आधीपासून होती आणि त्याला ती ठाऊक होती. तरी 'मंकी बिझनेस' नावाच्या बोटीने तो त्या तरुणीबरोबर बहामातल्या बिमिनी बेटावर गेला. शेकडो कार्यकर्ते घरदार सोडून प्रचारात उतरलेत, लोकांनी देणग्या दिल्यात, आणि उमेदवार असा जुगार खेळतो! मला त्याच्या शय्यागृहाशी काही देणंघेणं नाही. ज्याच्या हाती अण्वस्त्रांचा निर्णय जाणार, त्याला धोक्याचा अंदाज असायला हवा, एवढंच म्हणणं आहे. आणि त्या तरुणीचं काय? तिच्या नावाची देशभर चेष्टा झाली, त्याबद्दल मूळ धाग्यात एक ओळ नाही.

जुना वाचक:
तिच्यावर अन्याय झाला, शंभर टक्के. पण तोही त्याच बातमीने केला ना? आणि धोक्याचा अंदाज म्हणाल, तर राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या भानगडी कित्येक बातमीदारांना माहीत होत्या, कोणी छापल्या नाहीत. क्युबातल्या सोव्हिएत अण्वस्त्रांच्या पेचप्रसंगात त्याच माणसाने डोकं शांत ठेवलं.

वाटसरू:
तेव्हा गप्प बसले ते चुकलेच. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभा राहिलेला जॉन एडवर्ड्स आठवा. बायको कर्करोगाशी झुंजत असताना त्याचं बाहेर प्रकरण, २००८ च्या प्रचारात साफ नकार, आणि ते लपवायला श्रीमंत समर्थकांचा पैसा. २०१२ मध्ये एका आरोपातून सुटला, बाकीच्यांवर ज्यूरीचं एकमत झालं नाही. पण पक्षाने त्याला उमेदवारी दिली असती आणि हे ऐन निवडणुकीत फुटलं असतं तर? बातमीदारांनी खोदायलाच हवं.

जुना वाचक:
एडवर्ड्सच्या प्रकरणात पैशाचा व्यवहार होता, तिथे मी तुमच्या बाजूने. हार्टच्या बाबतीत तसं काय होतं? निर्णय मतदारांनी घ्यायचा होता, तो संपादकांनी घेतला.

मधली आळी:
मतदारांनाही संधी मिळाली की! डिसेंबर १९८७ मध्ये हार्ट पुन्हा रिंगणात उतरला. १९८४ मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक फेरीत ज्या न्यू हॅम्पशायरने त्याला प्रतिस्पर्धी मॉन्डेलवर विजय मिळवून दिला होता, तिथेच या वेळी जेमतेम ४ टक्के मतं पडली.

जुना वाचक:
सात महिने टीव्हीवर टिंगल झाल्यावर, हाताशी पैसा नाही, यंत्रणा नाही, अशा माणसाला मिळालेली ही संधी मी खरी मानत नाही. १९९२ मध्ये क्लिंटन तशाच आरोपानंतर बायकोला शेजारी बसवून टीव्हीवर बोलले आणि निवडून आले. मतदार तेच होते, पाच वर्षांत एवढे बदलले म्हणता?

वाटसरू:
मतदार नाही बदलले. क्लिंटननी संसारात चुकलो हे कबूल केलं, हार्ट पत्रकारांनाच शिकारी म्हणत राहिला. मी तरी कबूल करणाऱ्यालाच मत दिलं असतं.