घरच्यांना घोडीसाठी कसं पटवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय १९, सोलापुरात कॉलेजला, शहराबाहेर चार एकर शेत. दोन वर्षं रोज सकाळी एका काकांच्या वरातीच्या घोडीला खरारा करतो, खूर साफ करतो, तोबरा बांधतो. पहिल्याच आठवड्यात तिने पायावर पाय दिला, अंगठ्याचं नख गेलं. तरी नाद सुटला नाही.

आता स्वतःची घोडी हवी. दिवाळीत अकलूजच्या बाजारात बघायचा विचार आहे. शिंगरू नको, शांत, वयस्कर, सवारीला सरावलेली.

अण्णा म्हणतात, "बैल विकले पाण्यापायी, आता घोडं पाळतोस?" आई तर नाल सापडली म्हणून घोडा घेणाऱ्याची गोष्टच सुनावते. (नाल खरंच सापडली होती, माझ्या कपाटात आहे.)

त्यांचं चुकत नाही म्हणा. साडेतीनशे किलोच्या जनावराला रोज सात-आठ किलो कोरडा चारा, ३०-४० लिटर पाणी, उन्हाळ्यात आणखी. कडबा घरचा आहे, ज्वारीच करतो. पण नुसत्या कडब्यावर भागत नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, धनुर्वाताची लस, पोटशूळ उठला तर रात्री डॉक्टर. शिवाय घोडं २५ वर्षं जगतं. उद्या पुण्याला नोकरी लागली तर बघणार कोण? इथेच माझी बोलती बंद होते.

ज्यांनी सोलापूर भागात घोडं पाळलंय त्यांनी महिन्याचा खरा खर्च सांगा. मे महिन्यात सावली-पाण्याचं कसं करता? आणि अण्णांशी आधी बोलू की आज्जीला हाताशी धरू?