गरीब देशांतच पोरं जास्त का? कायदा हवा की दवाखाना?

माधव: नायजरमध्ये आजही बाईमागे सहा मुलं, दक्षिण कोरियात 2023 मध्ये 0.72. शिकलेला विचार करतो, अडाणी करत नाही. दोन अपत्यांची अट सगळ्यांना लावा, प्रश्न मिटेल.

परभणीकर: हे वाचून राहवलं नाही. माझ्या आजीला नऊ झाली, जगली चार. अडाणी म्हणू नका तिला, तिचा हिशेब चोख होता: दोन तरी हाताशी राहिली तर म्हातारपणी भाकर मिळेल. पोरं जगायला लागली तशी आईला तीन झाली, आम्हाला दोन. बांगलादेश बघा. 1970 च्या दशकात बाईमागे सहाच्या वर, आणि श्रीमंत व्हायच्या आधीच दोन-सव्वादोनवर आला. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका, लसी, मुलींच्या शाळा. आणि सक्ती? 1976 मध्ये, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. त्या वर्षांची दहशत अशी की पुरुष अजून ऑपरेशनचं नाव काढत नाहीत.

सुनंदा: आणि ओझं कोणावर पडलं? पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या जोडप्यांत बायकांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. माझं दुसरं सिझर झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, यजमानांचं करा, लगेच घरी जातील. सासूबाई म्हणाल्या, त्याला जड उचलावं लागतं. पाण्याचे हंडे मी उचलत होते!

माधव: विषय लोकसंख्येचा आहे, तुमच्या सासूबाईंचा नाही.

सुनंदा: मूल कोणाच्या पोटातून येतं? मग विषय कोणाचा?

अमोल (सुवॉन, दक्षिण कोरिया): इथे राहतो म्हणून सांगतो. 1960 मध्ये कोरियातही बाईमागे सहा होती. आज घर परवडत नाही, क्लासची फी परवडत नाही, बाळंतपणानंतर बाईला जुनी खुर्ची मिळेल याची खात्री नाही. सरकार रोख पैसे देतं, तरी लोक लग्नच टाळतात. याला शहाणपण म्हणू नका.

माधव: पोरं जगण्याचा मुद्दा मान्य. पण आपली संख्या अजून वाढतेच आहे ना?

परभणीकर: बाईमागे 2.0 वर आलोय. वाढ आहे ती आधीच जन्मलेल्या तरुणांची. त्यांना कुठला कायदा लावणार?

सुनंदा: माधवराव, तुमच्या घरी ऑपरेशन कोणाचं झालं?

माधव: बायकोचं. पण ते तिनेच ठरवलं होतं.

सुनंदा: तुम्ही तिला विचारलं होतं का, की माझं करू म्हणून?